कॅन्सरच्या उपचारांनंतर संशोधनासाठी चालायचं, धावायचं ठरवलंय? सुरुवात अशी करा

शेवटची केमो झाली, रेडिएशन संपलं, डॉक्टर म्हणाले की आता तीन महिन्यांनी फॉलो-अपला या. त्यानंतरच्या दिवसांत बऱ्याच जणांच्या मनात एक विचार येतो: ज्या संशोधनातून आपलं औषध निघालं, त्यासाठी आपणही काही करावं. एखाद्या मॅरेथॉनमध्ये उतरावं, महिन्याभरात शंभर किलोमीटर चालावं, आणि त्या निमित्ताने पैसे उभे करावेत. हा विचार चांगला आहे आणि तडीसही नेता येतो. ज्यांनी आजारापूर्वीही कधी शर्यतीचा बिब, म्हणजे क्रमांकाचा कागद, छातीवर लावला नव्हता, अशांसाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं एकच आहे, आणि पुढचं सगळं त्यातून निघतं. अंतर आधी ठरवून शरीर त्यात बसवू नका. उपचारांनी शरीरात काय बदललंय ते आधी नीट समजून घ्या आणि त्याला झेपेल असं आव्हान निवडा.

टेरी फॉक्सकडून काय घ्यायचं

या वाटेवर सगळ्यांना आठवतो तो कॅनडाचा टेरी फॉक्स. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. जगण्याची शक्यता पन्नास टक्के आहे असं त्याला सांगण्यात आलं. दोनच वर्षं आधी हाच आकडा पंधरा टक्के होता, आणि हा फरक संशोधनाने पडला होता. ते त्याच्या मनात पक्कं बसलं. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने त्याने कॅनडाच्या पूर्व टोकापासून धावायला सुरुवात केली, रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कॅन्सर फुप्फुसांत पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला. त्याच वर्षापासून त्याच्या नावाने धाव होते. तिथे स्पर्धा नसते, विजेता नसतो. ती जगभर पसरली. आपल्याकडे मुंबईत झाली, चेन्नईत आयआयटी मद्रासच्या आवारात होते.

टेरीकडून त्याचा हेतू घ्या, त्याचं वेळापत्रक मात्र घेऊ नका. त्याच्या पायाला जखमा होत, गुडघा सुजे, आणि वाटेत नियमित तपासणी करून घ्यायला तो तयार नसे. शिवाय त्याने निघण्याआधी वर्षभराहून जास्त काळ सराव केला होता, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

पहिली पायरी: फॉलो-अपला नेमकं काय विचारायचं

"डॉक्टर, मी व्यायाम करू का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "करा, पण हळूहळू." ते खरं असलं तरी त्याचा उपयोग थोडा. प्रश्न तुमच्या उपचारांवरून तयार करा. डिस्चार्ज कार्ड आणि केमोचा कागद घेऊन बसा आणि औषधांची नावं वाचा.

लाल रंगाची केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन, मिळाली असेल तर हृदयाचा प्रश्न पहिला. या औषधांचा परिणाम काही जणांमध्ये महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) शेवटचा कधी झाला आणि आता पुन्हा करायचा का, हे विचारा. ट्रॅस्टुझुमॅब चालू असेल किंवा डाव्या छातीला रेडिएशन मिळालं असेल तरीही तेच. ब्लिओमायसिन मिळालं असेल तर फुप्फुसांबद्दल विचारा.

पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झालिप्लॅटिन यांनी पायाच्या बोटांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. चालताना ठेच लागली तरी कळत नाही, फोड आला तरी कळत नाही. अशा वेळी धावण्यापेक्षा सपाट जागी चालणं बरं, आणि घरी आल्यावर रोज दोन्ही तळवे डोळ्यांनी तपासायचे.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर "त्या हाताने वजन उचलू नकोस" हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने ऐकवलेलं असतं. हा सल्ला आता जुना झाला. हाताला सूज असलेल्या स्त्रियांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत वजनं उचलली तर सूज वाढत नाही, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. पण सुरुवात फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करा, आणि हाताला घालायची दाबाची घट्ट बाही हवी का ते त्यांनाच ठरवू द्या.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरबद्दल धावण्याच्या पुस्तकांत काहीच नसतं आणि आपल्याकडे तर हे रुग्ण खूप. म्हणून जरा सविस्तर. मानेच्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली असेल तर खांदा खाली उतरतो आणि हात हलवत चालताना लवकर दुखतो; त्यावर फिजिओचे वेगळे व्यायाम असतात, ते आधी सुरू करा. रेडिएशनने लाळ कमी झालेली असते. चालताना दर दहा मिनिटांनी पाण्याचा छोटा घोट लागतो, म्हणून बाटली सोबत हवीच. गिळायला त्रास होत असेल तर चालता चालता पाणी पिऊ नका, थांबून, हनुवटी किंचित खाली घेऊन प्या, किंवा तुमच्या स्पीच थेरपिस्टने सांगितली असेल त्या पद्धतीने. शिवाय मानेच्या रेडिएशननंतर अनेकांचं थायरॉइड मंदावतं. चालण्याचा उत्साहच वाटत नसेल तर आळस म्हणून सोडून देऊ नका, आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या.

पोटावर स्टोमा (मल किंवा लघवीसाठी ऑपरेशनने केलेली वाट) असेल तर हर्नियाचा धोका विचारा. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल किंवा प्रोस्टेटची हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर हाडांची घनता. आणि आजार हाडांत गेला असेल तर कोणती हालचाल टाळायची हे ऑन्कॉलॉजिस्टनेच सांगायला हवं. इथे माझा किंवा आणखी कोणाचा लेख कामाचा नाही.

सगळ्यांसाठी: हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. उत्तरं कागदावर लिहून घ्या. पुढे मॅरेथॉनच्या फॉर्ममध्ये आजारपणाची माहिती भरायची असते, तेव्हा तोच कागद लागतो.

दुसरी पायरी: आव्हान निवडणं

नवख्यांसाठी तीन पर्याय मला योग्य वाटतात.

एक, महिनाभराचं चालणं. दादरला राहत असाल तर शिवाजी पार्कची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची आहे. रोज तीन फेऱ्या, महिन्याला शंभर किलोमीटरच्या वर. पुण्यात असाल तर पर्वतीच्या शंभरेक पायऱ्या, आठवड्यातून ठरावीक वेळा. यात कोणाची नोंदणी नाही, तारीख नाही, आणि मधे ताप आला तर चार दिवस थांबता येतं. पहिल्या वर्षासाठी माझी पसंती यालाच.

दोन, टाटा मुंबई मॅरेथॉनची ड्रीम रन. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या या स्पर्धेत ४२ आणि २१ किलोमीटरबरोबर साधारण सहा किलोमीटरची ही धाव असते. वेळ मोजली जात नाही आणि पुष्कळजण ती चालतच पूर्ण करतात. सामाजिक संस्थांचे फलक घेऊन चालणारे इथे हजारोंनी असतात, त्यामुळे तुमच्या कामाला ती जागा साजेशी आहे. युनायटेड वे मुंबई ही संस्था या मॅरेथॉनची देणगी-व्यवस्था सांभाळते. तिच्याकडे नोंदलेल्या संस्थेसाठी तुम्ही निधी गोळा करू शकता.

तीन, १० किलोमीटर. हे दुसऱ्या वर्षी.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन, सिंहगडाची शर्यत, लडाख वगैरे पहिल्या वर्षी नको. चढ-उतारावर हृदयावर आणि बधिर पायांवर जो ताण येतो तो सपाटीच्या सरावात कळतच नाही.

तिसरी पायरी: सराव

कॅन्सरनंतरचा थकवा वेगळा असतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही. घरातली माणसं प्रेमाने "आराम कर" म्हणतात, आणि इथेच बहुतेकांचा सराव सुरू होण्याआधी संपतो. हा थकवा व्यायामानेच कमी होतो, यावर आता भरपूर पुरावा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या शिफारशीत प्रमाणही दिलंय: आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, निदान आठ ते बारा आठवडे. घरच्यांना हे वाचून दाखवा. त्यांची काळजी खरी असते, तिला उत्तरही खरं द्यायला हवं.

पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. वहीत तारीख, मिनिटं आणि त्या दिवशीचा थकवा शून्य ते दहा असा लिहा. मग दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाच मिनिटांपेक्षा जास्त वाढवू नका. चौथ्या आठवड्यानंतर दोन फेऱ्यांची एकच करा. गती किती हवी? चालताना सोबतच्या माणसाशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर हळू व्हा. घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांपेक्षा ही कसोटी बरी, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात.

ताकदीसाठी जिम लागत नाही. खुर्चीवर हात न टेकता बसायचं-उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून दंड. ओट्याला धरून टाचा वर-खाली. पाय बधिर असतील तर भिंतीला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहण्याचा सराव रोज करा. पडणं टाळायला याच्याइतका साधा उपाय नाही.

जानेवारीची तयारी असेल तर सुरुवात जुलैत होते, म्हणजे ऐन पावसात. शेवाळलेल्या फरशीवर, बधिर पायांनी, छत्री सांभाळत चालू नका. इमारतीचा व्हरांडा, मॉल, रेल्वेचा लांब पूल गर्दी नसताना, काहीही चालेल. रोगप्रतिकारशक्ती अजून भरून आलेली नसेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका; पायावरच्या लहान जखमेतूनही लेप्टोचा जंतू शिरतो.

खाण्यात प्रथिनांकडे लक्ष हवं, कारण उपचारांत स्नायू झडलेले असतात. अंडी, मासे, मूग, मटकीची उसळ, दही, पनीर. तोंड सोलल्यासारखं होत असेल तर नाचणीची आंबील ताकात. चालण्याआधी अर्धा तास केळं पुरतं. घाम खूप येणाऱ्या मुंबई-कोकणच्या हवेत तासाच्या वर चालणार असाल तर नुसतं पाणी ढोसू नका, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस घ्या. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र तेही डॉक्टरांना विचारून.

काही गोष्टी घडल्या की त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरांना फोन: छातीत दुखणं, चक्कर, अचानक धाप, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं नवं हाडांचं दुखणं. पोटरीचं विशेष लक्षात ठेवा. कॅन्सरच्या रुग्णांत शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो आणि नवखा माणूस "चालण्याने गोळा आला" समजून तेल चोळत बसतो.

चालणं हेच संशोधन

एक चाचणी तुम्हाला माहीत असायलाच हवी. आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेल्या ८८९ रुग्णांवर, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, २००९ पासून ती चालली. निष्कर्ष जून २०२५ मध्ये आले. निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने व्यायाम. पाच वर्षांनी आजार न उलटलेले लोक व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ७३.९. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ टक्के आणि ८३.२ टक्के. व्यायामाचं साधारण प्रमाण होतं आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणं. स्नायू-सांध्यांच्या दुखापती व्यायामाच्या गटात जास्त झाल्या, म्हणूनच वर "हळूहळू" एवढं घोळवून सांगितलं.

हा पुरावा आतड्याच्या कॅन्सरचा आहे, सगळ्या कॅन्सरचा नाही. पण तो जमा झाला कारण शेकडो रुग्णांनी वर्षानुवर्षं आपल्या चालण्याचा हिशेब संशोधकांना दिला. पैसे जमवण्याखेरीज तुम्हीही हे करू शकता. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कोणालाही शोधता येते. तुमच्या आजाराचं नाव घालून पाहा. सहभागी व्हायचं तर संमतीपत्र घरी आणून, सावकाश वाचून, मगच सही करा. केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला असतो आणि त्यामुळे उपचारात फरक पडत नाही.

चौथी पायरी: पैसा खरोखर संशोधनालाच जाईल हे पाहणं

इथे गफलत फार होते. कॅन्सरसाठी काम करणाऱ्या बहुतेक संस्था रुग्णांना मदत करतात: औषधं, राहण्याची सोय, जेवण. ते काम मोलाचं आहे, पण ते संशोधन नव्हे. देणगीदारांना "संशोधनासाठी" असं सांगितलं असेल तर संस्थेला आधीच विचारा: संशोधनाचा निधी वेगळा आहे का, पावतीवर हेतू लिहून मिळेल का, वर्षाअखेर त्यातून काय झालं ते कळवाल का. उत्तर मोघम आलं तर दुसरी संस्था शोधा.

लोक विचारतील, आपल्याकडे कुठे संशोधन होतं? याचं उत्तर पाठ असू द्या. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर बारा वर्षं एक अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये जगापुढे आले. दुसरं उदाहरण: स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भूल देण्याचं नेहमीचं स्वस्त इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. ही चाचणी सोळाशे स्त्रियांवर भारतातच झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिसरं, रक्ताच्या काही कॅन्सरवरची देशात तयार झालेली पहिली कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून त्या कॅन्सरविरुद्ध वापरणारी), आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. व्हिनेगर आणि भुलेचं इंजेक्शन यांचे अभ्यास करण्यात कुठल्याही औषध कंपनीला नफा नव्हता. लोकांच्या आणि सरकारच्या पैशाचीच गरज अशा ठिकाणी असते, आणि तुमचे पाचशे-हजार तिथेच कामी येतात.

पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या यूपीआयवर कधीही घेऊ नका, मामा-मावशीकडूनसुद्धा. थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. करसवलतीची पावती हवी असेल तर देणाऱ्याचा पॅन लागतो, २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट मिळतच नाही. हे आधी सांगितलं की नंतर नाराजी होत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट घेतलेल्या भाच्याची देणगी कायद्याने परकीय ठरते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ दुबईहून बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून पाठवत असेल तर ती परकीय धरत नाहीत. बहिणीच्या मुलाकडून पैसे "माझ्या खात्यात पाठव, मी भरते" असं करायला जाऊ नका.

पाचवी पायरी: लोकांना सांगणं

व्हॉट्सअॅपवर लांबलचक आजारकथा लिहायची गरज नाही. कोणाला, किती सांगायचं हे तुमच्या हातात आहे. ऑफिसात माहीत नसेल तर या निमित्ताने उघड करायलाच हवं असं नाही. चार ओळी पुरतात:

"माझे उपचार मार्चमध्ये संपले. येत्या जानेवारीत मी सहा किलोमीटर चालणार आहे, डॉक्टरांच्या परवानगीने. या निमित्ताने अमुक संस्थेच्या संशोधन निधीसाठी पैसे जमवतेय. रक्कम थेट संस्थेला जाईल, दुवा खाली आहे. शंभर रुपयेही चालतील."

शेवटची ओळ गाळू नका. संकोचाने काहीच न देणारे तिच्यामुळे देतात. आठवण एकदाच करा, आदल्या आठवड्यात.

त्या दिवशी, आणि त्याआधी काही बिघडलं तर

नवे बूट त्या दिवशी घालू नका. बिबच्या मागे आजार, चालू औषधं, डॉक्टरांचा आणि घरच्यांचा नंबर लिहा. पोर्ट किंवा पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर तेही लिहा. पहिला किलोमीटर गर्दीच्या वेगाने जाऊ नका, नगारे वाजत असतात, पाय आपोआप उचलले जातात. सोबत एक माणूस ठेवा ज्याचं तुम्ही ऐकता, आणि थांबण्याचा निर्णय त्याच्याकडे द्या.

धावेच्या दोन महिने आधी केलेल्या स्कॅनमध्ये काही निघालं, किंवा फक्त हिमोग्लोबिन घसरलं, तर धाव रद्द करा. जमा झालेला निधी संस्थेकडे आहेच, तो कामाला लागलेला आहे. देणगीदारांना एवढं कळवा की या वर्षी चालणं होणार नाही, निधी संशोधनालाच गेला आहे. कारण सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. कोणी तुमच्या जागी चालायला तयार असेल तर वेगळी नोंदणी करून चालू द्या. बिब दुसऱ्याला देऊ नका, त्यावरची वैद्यकीय माहिती तुमची असते.

चालणं पार पडलं तर दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती, तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. संस्थेकडून एकूण रकमेचं पत्र मागवा आणि ते सगळ्या देणगीदारांना पाठवा. ज्यांना वजावट घ्यायची आहे त्यांना रिटर्न भरण्याआधी संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं का ते विचारा. आणि पुढच्या फॉलो-अपला ती थकव्याची वही घेऊन जा. डॉक्टरांना इतक्या महिन्यांची सलग नोंद फार थोडे रुग्ण दाखवतात.